गावात 'सूर्य' कमी ऐकू येतो, मग काय म्हणतात?

तुम्ही विचारलंय की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात नव्यानं आलोय, मराठी शिकतोय. कोशात 'सूर्य'ला ढीगभर प्रतिशब्द सापडले, पण गावात ते कुणाच्या तोंडी येत नाहीत, मग बोलायचं कसं?

रवी, भानू, भास्कर, दिनकर हे शब्द कवितेत आणि मुलांच्या नावांत भेटतील. बोलताना आमच्याकडे सूर्याला 'दिवस' किंवा 'दिस' म्हणतात. दिवस उगवला, डोक्यावर आला, कलला, बुडाला. सुगीत शिवारातून एखादी म्हातारी काकी ओरडते, "कासराभर दिवस हाय गा, तवर पेंढ्या बांधून घ्या!" कासरा म्हणजे बैलाचा दोर. सूर्य मावळायला तेवढाच वर उरलाय, म्हणजे अंधार पडायला अजून थोडा अवकाश आहे. सकाळीही 'कासराभर दिवस वर आला' म्हणतात. हातात विळा असताना घड्याळ कोण बघतो? मला हे माप फार प्रिय आहे, ते टिकावं असं मनापासून वाटतं. तुम्हाला कन्नड येत असेल तर सोपं जाईल: तिकडेही 'होत्तु' म्हणजे वेळ आणि सूर्यही. 'होत्तु मुळुगितु' म्हणजे आपला दिवस बुडाला.

अंगाला लागतं ते 'ऊन'. 'सूर्यात बसू नको' असं कुणी म्हणत नाही, 'उन्हात बसू नको' म्हणतात. पापड उन्हात घालतात, थंडीत माणसं अंगणात ऊन खात बसतात. पत्ता सांगताना उगवतीकडे, मावळतीकडे असंही ऐकाल. उशिरा उठणाऱ्याला 'सूर्यवंशी' म्हणून चिडवतात. ते आडनावही आहे, तेव्हा जपून.

खुद्द 'सूर्य' येतो तो शाळेच्या पुस्तकात आणि पूजेत, तिथंही बहुधा 'सूर्यनारायण' होऊन. रथसप्तमीला, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीला, अंगणात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवतात. एरवी दूध उतू गेलं की घरभर ओरडा होतो, त्या दिवशी ते मुद्दाम उतू जाऊ देतात आणि सगळे सूर्याला हात जोडतात. कुणाच्या घरी बोलावलं तर नक्की जा.

वाराचंही लक्षात ठेवा. बेळगावात रविवार पेठ आहे, पण खेड्यातली जुनी माणसं रविवारला 'आयतवार' म्हणतात, मूळ आदित्यवार. "आयतवारी या" असं कुणी सांगितलं तर रविवारीच जायचं.