‘लॉयटरिंग म्युनिशन’ म्हणजे ‘स्वायत्त आत्मघाती ड्रोन’ का?

युद्धाच्या बातम्यांत ‘लॉयटरिंग म्युनिशन’साठी, म्हणजे आकाशात घिरट्या घालत लक्ष्य शोधून त्यावर आदळणाऱ्या स्फोटक यंत्रासाठी, ‘स्वायत्त आत्मघाती ड्रोन’ असे सर्रास छापले जाते, ते बरोबर का, असा प्रश्न आहे. माझ्या मते ‘आत्मघाती’ साफ चूक आहे आणि ‘स्वायत्त’ कधी बरोबर, कधी चूक.

‘आत्मघाती’ आले ‘कामिकाझे’वरून. १९४४-४५ मध्ये स्फोटके लादलेली विमाने शत्रूच्या जहाजांवर घालणाऱ्या जपानी वैमानिकांचे ते नाव. तिथे मरणारा माणूस होता. इथे फुटते ते यंत्र, आणि फुटणे ही काही त्याची खासियत नव्हे. तोफगोळाही फुटतो, त्याला कुणी आत्मघाती म्हणत नाही. खासियत आहे ती वाट पाहण्यात. लक्ष्य नेमके कुठे आहे हे ठाऊक नसतानाच ते सोडतात. मग ते घारीसारखे घिरट्या घालत सावज हेरते. सावज दिसलेच नाही तर अनेक प्रकारांत हल्ला रद्द करता येतो. भारतीय बनावटीचे ‘नागास्त्र-१’ तर पॅराशूटने खाली उतरवून पुन्हा वापरता येते. परत येणारा आत्मघाती कसला?

म्हणून ‘घिरट्या घालणारे अस्त्र’ म्हणावे. ‘रेंगाळणारे’ नको, रेंगाळण्यात आळस आहे, टपून राहणे नाही. ‘अस्त्र’ मात्र हवेच. हातात धरून चालवायचे ते शस्त्र, फेकायचे किंवा सोडायचे ते अस्त्र, हा जुना भेद इथे चपखल बसतो. मथळ्यात जागा अपुरी पडली तर ‘घिरटे अस्त्र’ करून पाहावे. खटकेल, पण खोटे बोलणार नाही.

‘स्वायत्त’ म्हणजे स्व + आयत्त, स्वतःच्या अधीन. नेमून दिलेले काम आपोआप करणारे ते स्वयंचलित; लक्ष्य निवडून माणसाला न विचारता मारा करणारे ते स्वायत्त. अमेरिकी संरक्षण खात्याच्या २०१२ च्या निर्देशातली स्वायत्त अस्त्राची व्याख्याही साधारण हीच आहे. या कसोटीवर इतिहास भलताच उलटा दिसतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इस्रायलने घडवलेले ‘हार्पी’ शत्रूच्या रडारच्या लहरी हेरून आपणच त्यावर झेपावे. सोडल्यावर माणसाचे काम संपले. पण रडार बंद ठेवता येते, आणि रणगाडा तर अशा लहरी सोडतच नाही. मग पुढच्या ‘हारोप’मध्ये कॅमेरा आला, आणि त्या कॅमेऱ्यातून पाहून निर्णय घेणारा माणूसही आला. २०२० च्या नागोर्नो-काराबाख युद्धात अझरबैजानने ते वापरले. काळाने पुढचे, स्वायत्ततेत मागचे!

रशियाने २०२२ पासून युक्रेनवर सोडलेले इराणी ‘शाहेद-१३६’ही याच पंक्तीत बसवले जाते. मूळ रूपात ते आधी भरून दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर जाऊन आदळते. घिरट्या नाहीत, निवड नाही. त्याला सरळ ‘हल्ला-ड्रोन’ म्हणावे.

याउलट तुर्की बनावटीचे ‘कार्गू-२’. लिबियाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०२१ च्या अहवालात, चालकाशी संपर्क नसतानाही लक्ष्यावर मारा करण्याची सोय असलेल्या अस्त्रांत त्याची गणना केली. त्यावरून ‘स्वायत्त ड्रोनने माणसे मारली’ असे मथळे झळकले. अहवालात तसे स्पष्ट विधान नाही. तिथे ‘स्वायत्तपणे मारा करू शकणारे’ एवढेच लिहावे.