व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची अँटीबॉडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : परळच्या एका प्रयोगशाळेत माझा एम.एस्सी.चा प्रकल्प चालू आहे. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर (रक्त गोठण्यास मदत करणारे प्रथिन) ओळखणारी अँटीबॉडी वापरून रक्तद्रवाचे वेस्टर्न ब्लॉट (जेलमध्ये आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटीबॉडीने ओळखण्याची चाचणी) केले, पण २५० किलोडाल्टनच्या पट्ट्याऐवजी जेलच्या वरच्या टोकाशी नुसता डाग दिसतो. अँटीबॉडी खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. हे प्रथिन रक्तात सुटे फिरत नाही. २०५० अमिनो आम्लांचे घटक डायसल्फाइड बंधांनी एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांब साखळ्या तयार होतात आणि सर्वांत मोठ्या साखळीचे वजन २०,००० किलोडाल्टनच्या घरात जात असल्याने ती नेहमीच्या जेलमध्ये शिरतच नाही. नमुन्यात ताजे डीटीटी (हे बंध तोडणारे रसायन) घालून तो चांगला तापवावा, ५ ते ६ टक्क्यांचे जेल घ्यावे आणि ट्रान्स्फर (प्रथिने जेलमधून पडद्यावर उतरवणे) रात्रभर थंडीत, कमी विद्युतप्रवाहावर करावे. मात्र काही मोनोक्लोनल अँटीबॉडी प्रथिनाची घडी शाबूत असतानाच त्याला ओळखतात, त्यामुळे बंध तुटल्यावर पट्टा पूर्णच नाहीसा होऊ शकतो. आपली अँटीबॉडी बंध तोडलेल्या नमुन्यावर चालते का, हे माहितीपत्रकात आधी पाहावे. पुढे नाळेच्या शिरेतील एंडोथेलियल पेशींचा अर्क वापरलात आणि मुख्य पट्ट्याच्या किंचित वर दुसरा पट्टा आला, तर तो अशुद्धीचा समजू नये. प्रोपेप्टाइड (प्रथिन तयार होताना कापला जाणारा भाग) अजून न तुटलेले पूर्वरूप तेथे दिसते. साखळ्यांची लांबीच पाहायची असेल, तर डीटीटी न घालता ॲगरोज जेल वापरावे लागते.

प्रश्न : आमच्या पॅथॉलॉजी विभागातील जुन्या बाटलीवर ‘फॅक्टर आठशी संबंधित अँटिजन’ असे लिहिले आहे. ती हिमोफिलियाच्या तपासणीला चालेल का? (शीव)

उत्तर : चालणार नाही. ती अँटीबॉडी व्हॉन विलेब्रँड फॅक्टरलाच चिकटते. फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारे वेगळे प्रथिन रक्तात त्याच्या आधाराने वाहते, म्हणून हे नाव पडले. हिमोफिलिया ‘ए’मध्ये फॅक्टर आठ कमी असतो आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर सहसा पुरेसा असतो.

प्रश्न : अँटीबॉडी कशी साठवावी?

उत्तर : एकदा वापरता येतील एवढे छोटे भाग करून गोठवावी आणि एकच कुपी पुनःपुन्हा वितळवू नये. एचआरपी (पट्टा दिसण्यासाठी वापरायचे एन्झाइम) जोडलेल्या अँटीबॉडीत सोडियम ॲझाइड घालू नये. ते त्या एन्झाइमचे काम थांबवते.

प्रश्न : माझ्या मुलीला पाळीत फार रक्तस्राव होतो. तिचे ‘व्हीडब्ल्यूएफ अँटिजन’ (रक्तातील व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचे प्रमाण) ४५ टक्के आले. रक्तगट ‘ओ’ असल्याने हे चालते, असे एकाने सांगितले. (दादर)

उत्तर : ‘ओ’ गटात हे प्रमाण इतर गटांपेक्षा सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी कमी असते, हे खरे आहे. (डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये याच शहरातून नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटातही ते कमी आढळते.) पण त्यामुळे तुमच्या मुलीचा रक्तस्राव दुर्लक्ष करण्याजोगा ठरत नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ५० टक्के प्रमाण आणि जोडीला असाधारण रक्तस्राव असेल, तर पहिल्या प्रकारच्या व्हॉन विलेब्रँड आजाराचे निदान करता येते. रक्तगट ‘ओ’ असला तरी तो निकष बदलत नाही. शिवाय अँटिजनच्या तपासणीत अँटीबॉडी प्रथिन किती आहे एवढेच मोजते, ते प्लेटलेटला नीट धरते की नाही हे तिला कळत नाही, आणि आजाराच्या दुसऱ्या प्रकारात नेमके हे धरण्याचे कामच बिघडलेले असू शकते. म्हणून प्लेटलेटशी बांधणीची क्षमता आणि फॅक्टर आठ या दोन्ही चाचण्या अँटिजनसोबत करून घ्याव्यात. ताप, ताणतणाव, गरोदरपण किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी आकडा वाढतो, त्यामुळे मुलगी बरी असताना चाचणी पुन्हा करावी आणि हिमोग्लोबिन व फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा) पाहावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन तोपर्यंत डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रक्तविकारतज्ज्ञांना भेटताना घरात कोणाला दात काढल्यावर किंवा बाळंतपणात जास्त रक्त गेले होते का, याची माहिती लिहून सोबत न्या.