खाऱ्या बोअरच्या पाण्यावर होहोबा लावावा का?

नमस्कार. गेवराई तालुक्यातील आपल्या दोन एकर काळ्या रानातील बोअरच्या पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यातील क्षारांचे माप असलेली ईसी, ३ डेसिसायमन प्रति मीटर निघाली आहे, आणि वाळवंटातला होहोबा खारे पाणी सोसतो असे ऐकल्यामुळे तो लावावा का, असे आपण विचारले आहे. मी पाथरी तालुक्यात अशाच खारवट विहिरीवर बरीच वर्षे शेती करतो आहे आणि माझे स्पष्ट मत आहे की लावू नये.

होहोबा क्षार सोसतो, यात खोटे काही नाही. ते मूळचे अमेरिका आणि मेक्सिकोतील सोनोरा वाळवंटाचे झुडूप असून त्याच्या बियांच्या वजनात जवळपास निम्मे द्रवरूप मेण असते. ते खाण्यासाठी नव्हे, तर सौंदर्यप्रसाधनांसाठी वापरतात. आपल्याकडे राजस्थानात त्याची लागवड झाली, ती रेताड जमिनीत. तिथे दिलेले पाणी झरझर खाली उतरते आणि क्षारही मुळांच्या खाली घेऊन जाते. आपल्या भारी काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, चिकणमाती असते. पाणी वरच रेंगाळते आणि साचलेल्या पाण्यात होहोबाची मुळे तग धरत नाहीत. शिवाय नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपांत नर किती निघाले हे फुले येईपर्यंत, म्हणजे तीन-चार वर्षे, कळत नाही.

पीक किती खारट पाणी सोसते यापेक्षा, दिलेला क्षार नंतर कुठे जातो, हा प्रश्न मला मोठा वाटतो. ईसी ३ असलेल्या एक लिटर पाण्यात साधारण १.९ ग्रॅम क्षार असतात. एका एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर साडेचार क्विंटलांहून अधिक क्षार, म्हणजे पन्नास किलोची नऊ पोती, रानात पसरली जातात. पाणी उडून जाते, पोती तिथेच राहतात. त्यातील सोडियमचे प्रमाण जास्त असेल तर मातीचे कण विखुरतात, निचरा आणखी मंदावतो आणि जमीन हळूहळू चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि निचरा न होणारी, होते.

तेलबियाच घ्यायच्या असतील तर आपली करडई घ्या. ती क्षारांना मध्यम सहनशील आहे, तिचे सोटमूळ फार खोल जाते आणि तिला मुळात पाणीच कमी लागते. माझ्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण जे पाणी दिलेच नाही त्याचा क्षारही येत नाही. परभणीच्या विद्यापीठाचे परभणी कुसुम हे वाण मी पेरतो. पेरणी मात्र पावसाच्या ओलीवरच करावी. एका वर्षी परतीचा पाऊस हुकला म्हणून मी कोरड्यात सऱ्या पाडून बी टोकले आणि विहिरीचे पाणी देऊन उगवण करून घेण्याचा प्रयत्न केला. वरंब्यांच्या माथ्यावर जिभेला खारट लागणारी पांढरी पूड आली, बी निम्मे उगवले आणि जी रोपे आली त्यांच्या पानांच्या कडा करपल्या. शेजारच्या पट्ट्यात ओलीवर पेरलेली करडई नंतर तेच पाणी एकदा घेऊनही चांगली उभी राहिली, कारण नाजूक काळ उगवणीचा असतो. मूळ खोल गेल्यावर पीक पुष्कळ सोसते.

म्हणून गरज पडलीच तर फांद्या फुटताना किंवा फुलोऱ्याच्या सुमारास एकच हलकी पाळी द्यावी, आणि तीही जमिनीला भेगा पडण्यापूर्वी. भेगांतून पाणी भसाभस आत गेले की करडई मर रोगाने बसते. या पाण्यावर हरभरा मात्र करू नका, तो क्षाराला फार हळवा आहे.

तत्पूर्वी दोन तपासण्या करून घ्या. पाण्याच्या अहवालात ईसीबरोबर सोडियम शोषण गुणोत्तर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचे कार्बोनेट-बायकार्बोनेट किती) पाहा. दुसरा आकडा लिटरला २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल, तर सोडियमचा परिणाम कमी करणारे जिप्सम किती टाकावे याचा सल्ला घेतल्याशिवाय हे पाणी रानात सोडूच नका. पावसाळा संपताच एक, दोन आणि तीन फूट खोलीवरील माती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून प्रयोगशाळेत द्या. खालच्या थरात क्षार वाढलेले दिसले तर बांधाच्या उताराच्या बाजूने उघडा चर आधी काढावा आणि पिकाचा विचार त्यानंतर करावा.