ॲरिझोनातला रानमेंढा, तोही धनुष्याने

सोडतीत शिकारीचा परवाना लागला म्हणजे नशीब काढलंत. ॲरिझोनात वाळवंटी रानमेंढा आयुष्यात एकदाच मारता येतो, तेव्हा पहिला दिसला की बाण सोडायची घाई नको.

दिवसाचा बहुतेक वेळ बसून दुर्बिणीतून कडे न्याहाळण्यात जातो. दुर्बीण तिपाईवर लावा. हातात धरलेल्या दुर्बिणीतून बसलेला मेंढा दगडासारखाच दिसतो. चालून चालून शोधणारे बहुधा आधी स्वतःच दिसतात, कारण या जनावराची नजर भयंकर तीक्ष्ण असते.

वाऱ्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापलं की उलटी वर चढते. मेंढ्यांचं लक्ष जास्त करून खालच्या बाजूला असतं, म्हणून वरून उतरावं. पण हवा वर चढू लागल्यावरच. अधल्यामधल्या वेळेत वारा कुठूनही फिरतो, तेव्हा गपचूप बसून राहा.

उतारावरून नेम धरताना सरळ रेषेतलं नव्हे, आडवं अंतर मोजायचं. ३० अंशांच्या कोनात ५० मीटर दिसणारं लक्ष्य सुमारे ४३ मीटरचं समजून नेम धरा. कोन धरणारा रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) असेल तर उत्तमच. सराव मात्र खऱ्या उतारावर, वाकड्या पायांवर उभं राहून करा. सपाट मैदानावरच्या फुशारक्या इथे चालत नाहीत!

पाणी भरपूर न्या. शिवाय एक कंगवा: अंगाला चिकटलेले चोया निवडुंगाचे काटेरी गोळे बोटांनी उपटू नयेत, कंगव्याने उडवावेत.