अडाप्टर, हीटसिंक आणि फिक्कट पडलेले झोआ

प्रश्न : नमस्कार, मी डोंबिवलीला राहतो, घरी दोन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, त्यात झोआ, मशरूम आणि एक लेदर, असे तीन जातींचे कोरल (प्रवाळ). आधी टी५ (बारीक ट्यूबलाईट) होत्या, त्या काढून गेल्या महिन्यात घरीच एलईडी लाईट बनवला. ३ वॅटचे २४ एलईडी, १२ रॉयल ब्ल्यू आणि १२ पांढरे, चार-चार सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्टच्या अडाप्टरला लावले. दहा दिवस झकास चाललं, मग एक लाईन उडाली आणि दुसरी लुकलुकते. दुकानदार म्हणतो जास्त अँपिअरचा अडाप्टर घ्या. शिवाय वरचे झोआ फिक्कट पडतायत म्हणून मी लाईट रोज १० ऐवजी १२ तास चालू ठेवला, काही फरक नाही. आणि हो, पुढच्या महिन्यात मालवणला जातोय, तिथून कोरलचा एखादा तुकडा आणला तर चालेल का?

उत्तर : दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. एलईडीला व्होल्टेज नाही, करंट मोजून द्यावा लागतो. चार एलईडी १२ व्होल्टवर म्हणजे प्रत्येकी ३ व्होल्ट, कागदावर बरोबर दिसतं, पण एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज ड्रॉप (त्याला चालायला लागणारा व्होल्टेज) कमी होतो, मग तो जास्त करंट ओढतो, अजून तापतो, अजून ओढतो, आणि शेवटी जळतो. छोटा अडाप्टर निदान दमतो तरी, मोठा दमतच नाही, म्हणजे नुकसान अजून जास्त.

यावर उपाय म्हणजे ७०० मिलीअँपिअरचे दोन कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (करंट ठरलेलाच ठेवणारा अडाप्टर), डिमिंगवाले. एकावर १२ निळे सिरीजमध्ये, दुसऱ्यावर १२ पांढरे, म्हणजे दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. एकाचा ड्रॉप साधारण ३.२ व्होल्ट धरला तर १२ चे ३८ होतात, तेव्हा ड्रायव्हरच्या आउटपुट रेंजमध्ये ३८ बसतंय ना ते लेबलवर बघूनच पैसे द्या. आणि चालू ड्रायव्हरला एलईडी कधीही जोडू नका!! मोकळ्या ड्रायव्हरच्या आउटपुटला पूर्ण व्होल्टेज साठलेलं असतं, वायर टेकली की एका झटक्यात अख्खी लाईन जाते (माझी गेलीय, सहा एलईडी, रविवारची दुपार आणि बायकोचं हसणं). आधी सगळं जोडा, मग स्विच.

हीटसिंकबद्दल, म्हणजे एलईडीची उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याबद्दल, तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, त्यामुळे शंका येतेय. साध्या अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवले असतील तर नवीन ड्रायव्हर लावूनही मे महिन्यात पुन्हा हीच रड. पंख्यासारख्या पाती असलेला हीटसिंक घ्या, थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर द्या, लोण्याचा गोळा थापल्यासारखी नको, आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर टाका, नाहीतर स्क्रूचं डोकं बाजूच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होतो. अर्ध्या तासाने हीटसिंकवर पाच सेकंद बोट ठेवता आलं पाहिजे, नाही आलं तर वर छोटा फॅन लावा.

आता झोआ. उजेड कमी पडला तर झोआ बहुधा काळपट, तपकिरी होतात आणि देठ उंच करून वर बघायला लागतात, फिक्कट पडतायत म्हणजे बहुतेक उजेड जास्त झालाय. कोरलच्या अंगात राहणारं शैवाल त्याला अन्न पुरवतं, अचानक जास्त उजेड मिळाला की तेच शैवाल कमी होतं आणि रंग उडतो. ट्यूबवरून थेट फुल एलईडी म्हणजे गाभाऱ्यातून एकदम भर उन्हात आणल्यासारखं झालं, वर तुम्ही दोन तास वाढवलेत! ड्रायव्हर आले की निळे ३० टक्क्यांवर, पांढरे त्याहूनही कमी, ८ तास पुरे, आणि दर आठवड्याला ५ टक्केच वाढवा, मध्ये रंग परत उडाला तर तिथेच थांबा. या कोरलना साधारण ५० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. पार मीटर महाग असतो, ओळखीत कुणाकडे असेल तर एक दिवस मागून आणा, पण लक्स मीटरवर विसंबू नका, तो माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतो आणि निळा उजेड त्याला नीट दिसतच नाही.

खारं पाणी वीज छान वाहून नेतं, म्हणून हीटसिंकला अर्थिंग हवंच, ड्रायव्हर टँकच्या वर नको, बाजूला भिंतीवर, आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एलईडीखाली पारदर्शक अॅक्रिलिक लावा, आठवड्यातून एकदा पुसा, मिठाचा पापुद्रा बसतो आणि उजेड हळूहळू खातो.

मालवणचं उत्तर सरळ नाही असंच आहे. रीफ (प्रवाळाचे खडक) बांधणारे सगळे कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा उचलायचा नाही. जा, स्नॉर्कलिंग करा, आणि पाण्याखाली सगळं किती निळं दिसतं ते बघा, मग घरी येऊन पांढऱ्या एलईडींचा उजेड अजून थोडा कमी कराल.