मिनीमूगसारखा (मूग कंपनीच्या जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरसारखा) सिंथ घेतलाय, प्रीसेट (आधीच तयार करून ठेवलेला आवाज) एकही नाही. बेस, बासरी आणि किक (ड्रमचा 'धप' आवाज) कसे काढायचे?

तुम्ही म्हणताय की तिन्ही ओसिलेटरचे (मूळ सूर काढणाऱ्या भागांचे) वेव्हफॉर्म, म्हणजे लहरींचे आकार, बदलून बघितले तरी सगळं सारखंच वाटतंय. वाटणारच, कारण आवाजाची ओळख वेव्हफॉर्मपेक्षा फिल्टर (सुराचा काही भाग अडवणारी चाळणी) आणि कॉन्टूरमध्ये (पट्टी दाबल्यावर आवाज वेळेनुसार कसा बदलतो त्यात) जास्त असते. टीबी-३०३ या रोलँडच्या बेस सिंथला तर एकच ओसिलेटर, त्यात सॉ किंवा स्क्वेअर हे दोनच वेव्हफॉर्म, आणि संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत सिंथवर राग रेकॉर्ड केले त्यातला बेस त्याचाच आहे, ते जरूर ऐका.

आधी पाटी कोरी करा. मिक्सरमध्ये फक्त ओसिलेटर १ चालू, सॉटूथ (म्हणजे सॉ), रेंज (सप्तक निवडायचा नॉब) ८. कटऑफ (फिल्टर कुठून वरचं अडवतो ती सीमा) पूर्ण उघडा, एम्फसिस (त्या सीमेवरचा उठाव) शून्य, कॉन्टूर अमाउंट (कॉन्टूर फिल्टरला किती हलवतो ते) शून्य, लाउडनेसच्या (आवाजाच्या) कॉन्टूरचा सस्टेन, म्हणजे पट्टी दाबून ठेवल्यावर टिकणारी पातळी, फुल. आता खालचा सा दाबून ठेवा आणि कटऑफ अगदी हळू बंद करत न्या. सॉमध्ये सगळे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) असतात, ते वरून एकेक करून गळतात आणि शेवटी नुसता मूळ सूर उरतो. हे रोज पाच मिनिटं करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल, कान इथेच तयार होतो.

बेससाठी रेंज १६ किंवा ३२, कटऑफ जवळजवळ बंद, कॉन्टूर अमाउंट अर्ध्यावर, फिल्टरचा अटॅक (चढायला लागणारा वेळ) शून्य, सस्टेन शून्य, डिके (उतरायला लागणारा वेळ) साधारण २०० ते ३०० मिलिसेकंद. झाला बेस. आता फक्त डिके फिरवा, कमी केला की टणक, छेडल्यासारखा, वाढवला की 'व्वाऽव' करत उघडमीट होणारा. मग ओसिलेटर २ आणा आणि किंचित बेसूर करा. एक ११० हर्ट्झ आणि दुसरा १११ असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो, तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा थोड्या हलल्या की येतो तसाच. पण वरच्या सप्तकात तोच हेलकावा दुप्पट वेगाने येतो, म्हणून जिथे वाजवणार तिथेच ट्यून करा, आणि त्याआधी सिंथ दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या नाहीतर सूर सरकत राहतो.

बासरीला ट्रँगल वेव्हफॉर्म घ्या, नॉइज, म्हणजे 'सूऽऽ' असा आवाज, अगदी नावाला (फुंकरीपुरता), लाउडनेसचा अटॅक थोडा वाढवा. ओसिलेटर ३ ची रेंज लो वर (सगळ्यात मंद) टाका, तो आता सुराला कंपन द्यायला वापरायचाय, मिक्सरमधून तो बंद करा आणि त्याचा कीबोर्ड कंट्रोलही बंद करा, म्हणजे कुठलीही पट्टी दाबली तरी कंपनाचा वेग तोच राहील, सेकंदाला पाचेक पुरे. ओसिलेटर मॉड्युलेशनचा स्विच चालू करा पण मॉड व्हील (कंपन किती ते ठरवणारं चाक) सुरुवातीलाच वर नका ठेवू, सूर लागला, स्थिर झाला, मग हळूच वर न्या. माझ्या मते खरी बासरी त्या उशिरात आहे, वेव्हफॉर्ममध्ये नाही. ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) थोडं ठेवलं आणि पहिली पट्टी न सोडता तिच्या खालची दाबली तर मींड येते, कारण मूळ मिनीमूगमध्ये सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय कॉन्टूर पुन्हा सुरू होत नाही. तुमच्या मशीनवर तसं होतंय का बघा.

किकला ओसिलेटर लागतच नाही! मिक्सर सगळा बंद, एम्फसिस फुल केलं की फिल्टर स्वतःच गातो, साइनसारखा. कटऑफ खाली, फिल्टरचे दोन्ही कीबोर्ड स्विच बंद, फिल्टरचा डिके एकदम छोटा, लाउडनेसचा त्याहून थोडा लांब आणि दोन्हीकडे सस्टेन शून्य. आता कॉन्टूर अमाउंट हळूहळू वाढवा, सूर वरून धपकन खाली येतो आणि 'धप' ऐकू येतं. आवाज मात्र आधी कमी ठेवा, असा फिल्टर अचानक किंचाळतो.

हायहॅट (ड्रमसेटमधल्या झांजांचा आवाज) नंतर बघा, त्याला नॉइज आणि हाय-पास फिल्टर (खालचे सूर अडवणारा) लागतो. मूळ मिनीमूगला फक्त लो-पास (वरचे सूर अडवणारा) होता, तुमच्याकडे हाय-पासचा स्विच असेल तरच तो नीट निघेल.