साडेएक, साडेदोन का म्हणत नाहीत?

प्रश्न असा आला आहे: सात वर्षांची मुलगी घड्याळ वाचायला शिकते आहे. साडेतीन, साडेचार बरोबर सांगते, पण दीडला ‘साडेएक’, अडीचला ‘साडेदोन’ आणि पावणेदोनला हटकून ‘पावणेएक’ म्हणते. असे अपवाद का, आणि तिला समजवायचं कसं?

साडेएक-साडेदोनबद्दल तिला अजिबात रागावू नका. ‘साडे’चा नियम तिला पक्का कळला आहे, म्हणून तर तो ती सगळीकडे लावते. साडे आला ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासकट. साडेचार म्हणजे चार आणि वर अर्धा. अडीचचा हिशेब वेगळा आहे. त्याचं मूळ ‘अर्धतृतीय’: दोन पुरे झाले, तिसरा अर्धाच आहे. दीडही त्याच कुळातला, दुसरा अर्धा असलेला.

या कुळात आणखी एक भावंड होतं, औट. मूळ ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे साडेतीन. देहाला ‘औट हात’ म्हणतात तो हाच, आणि पूर्वी शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर औटकीही घोकून घेत. पुढे रोजच्या बोलण्यातून औट गेला आणि साडेतीन रुळला. तुमची मुलगी एक आणि दोनला जे करू पाहते आहे, ते मराठीने तीनच्या बाबतीत केव्हाच करून टाकलं आहे! तरी दीड-अडीच तिला शिकवायलाच हवेत. पुढे दीडशे, अडीच हजार सगळीकडे तेच भेटणार आहेत.

‘पावणेएक’ची गोष्ट निराळी. आकडी घड्याळात १:४५ दिसतं, मूल १ वाचतं आणि त्यालाच ‘पावणे’ जोडतं. म्हणून पावणे शिकवावं ते काट्यांच्या घड्याळावरच, आणि सुरुवातीला मोठा काटा झाकून. छोटा काटा दोनच्या अगदी जवळ आलेला दिसला की विचारा, ‘दोनला किती कमी?’ पावणे आला ‘पादोन’वरून, पाद (पाव) आणि ऊन (उणा), म्हणजे पाव कमी. त्यातला ‘ऊन’ तिला आधीच ठाऊक आहे, एकोणीस आणि एकोणतीसमधला. विसाला एक कमी तो एकोणीस, तसे दोनला पाव कमी ते पावणेदोन. सव्वा सोपा आहे, ‘सपाद’ म्हणजे पाव जास्त. तो मुलं पटकन उचलतात.

पावणेएक असं सहसा म्हणत नाहीत, तिथे नुसता पाऊण. सव्वाएक कानावर येतं, पण नुसता सव्वाही चालतो. साडे मात्र कधी एकटा येत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या, मुलं तिथेही अडखळतात. पाऊण वाजला, एक वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पावणेदोनपासून पुढे ‘वाजले’.